बारावीच्या गणिताची उजळणी: येत असलेली गणितं हातची जाऊ नयेत म्हणून

माझी बारावीची पहिली गुणपत्रिका आली तेव्हा गणितात ८० पैकी ४९ होते. पेपर चांगला गेला होता, निदान मला तसं वाटत होतं. म्हणून बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती हातात आल्यावर एक दुपार मी फक्त लाल पेनाच्या खुणा मोजत बसले होते. गेलेल्या ३१ गुणांपैकी न सुटल्यामुळे सोडून दिलेल्या गणितांचे गुण होते फक्त आठ. उरलेले २३ मी लिहिलेल्या, मला येत असलेल्या गणितांत गेले होते. कुठे चिन्ह चुकलं होतं, कुठे अट लिहायची राहिली होती. दोन बहुपर्यायी प्रश्नांत मी नुसतंच अक्षर लिहून मोकळी झाले होते.

पुढच्या वर्षी श्रेणीसुधारला बसले आणि ७२ मिळवले. मधल्या काळात माझं गणिताचं ज्ञान फारसं वाढलं नव्हतं. उजळणीची पद्धत मात्र पार बदलली होती. ती इथे लिहिते आहे. हे सगळं महाराष्ट्र बोर्डाच्या विज्ञान शाखेच्या, म्हणजे ‘मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’च्या पेपराबद्दल आहे. कॉमर्सचं गणित वेगळं असतं, त्यांनी धड्यांची नावं बघून गोंधळू नये.

आधी जवळ काय काय हवं

- बालभारतीची दोन्ही पुस्तकं, भाग १ आणि भाग २. छापील नसतील तर पीडीएफ फुकट मिळते, पण गणितासाठी मोबाईलची स्क्रीन हे दुखणंच आहे. कुणाकडून तरी जुनी पुस्तकं मिळवा.
- मागच्या चार-पाच वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका. जुलैच्या पुरवणी परीक्षेच्याही घ्या, त्या सहसा कुणी सोडवत नाही.
- तुमची तपासलेली पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका. कॉलेज परत देत नसेल तर निदान बघून मोबाईलवर फोटो काढून घ्या.
- दोनशे पानी लांब वही, शिवाय एक वेगळी लहान वही चुकांसाठी.
- लॉग टेबल, पट्टी, पेन्सिल आणि साधं काट्याचं घड्याळ. पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून उजळणीतही तो हाताशी नको. मोबाईलमधलाही.

गाइड लागतंच असं नाही. असेल तर पाठीमागची उत्तरं बघण्यापुरतंच ठेवा. सोडवलेलं गणित वाचून ते येतं असं वाटायला लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

१. प्रश्नपत्रिकेचा सांगाडा आधी समजून घ्या

लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. प्रात्यक्षिकाचे २० गुण वेगळे. त्यांची जर्नल वेळेत पूर्ण करून सही घेऊन टाका, जानेवारीत त्यामागे पळू नका.

विभाग अ मध्ये आठ बहुपर्यायी प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे आणि चार अगदी छोटे प्रश्न एकेका गुणाचे. असे २० गुण, आणि इथे पर्याय नाही. विभाग ब मध्ये दोन-दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यातले कोणतेही आठ. विभाग क मध्ये तीन-तीन गुणांचे बारा, त्यातलेही आठ. विभाग ड मध्ये चार-चार गुणांचे आठ, त्यातले पाच. म्हणजे छापलेला पेपर ११२ गुणांचा असतो आणि तुम्हाला सोडवायचे असतात ८०. सध्याच्या, २०२० साली आलेल्या पुस्तकांवरचा हा आराखडा आहे. तुमच्या वर्षाला काही बदललं आहे का, हे कॉलेजात एकदा विचारून घ्या.

या ३२ गुणांच्या सवलतीचा अर्थ नीट लावा. एखाद-दुसरा धडा कच्चा राहिला तर ब, क, ड निभावून जातात. पण विभाग अ कुठूनही विचारू शकतो. त्यामुळे ‘हा धडा ऑप्शनला टाकला’ असं म्हणताना त्या धड्याची निदान सूत्रं आणि सोपी गणितं तरी करायची. धडा पूर्ण सोडणं महागात पडतं.

बहुपर्यायी प्रश्नांची सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर लिहिलं किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य. शिवाय पहिला प्रयत्नच तपासला जातो. एक उत्तर लिहून नंतर खाली कुठेतरी दुसरं लिहिलं तर ते धरत नाहीत. माझे चार गुण या एका सूचनेने खाल्ले. ते चार गुण मिळवायला एरवी विभाग ड मधलं एक अख्खं गणित सोडवावं लागतं!

२. चुकांची वही

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

लहान वहीत प्रत्येक चूक एका ओळीत लिहायची. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द या वहीत बंद. सिली म्हटलं की चूक माफ होते आणि पुढच्या पेपरात तीच परत होते. नेमकं काय चुकलं ते लिहायचं. माझ्या वहीतल्या काही नोंदी:

‘पेअर ऑफ लाइन्स: समीकरणात ‘दोन एच’ असतो, मी सरळ ‘एच’ धरला.’

‘क्रॉस प्रॉडक्ट: मधल्या, म्हणजे ‘जे’च्या पदाला वजा लावायचा राहिला. चौथ्यांदा.’

‘मॅक्सिमा: दुसरं डेरिव्हेटिव्ह काढलंच नाही.’

‘जनरल सोल्युशन: ‘एन हा पूर्णांक’ हे लिहिलं नाही.’

पहिली नोंद उदाहरणासकट सांगते, कारण ही चूक मी डझनभर वह्यांत पाहिली आहे. एक्स² − ४ एक्सवाय + वाय² = ० या रेषांमधला लघुकोन काढायचा आहे. सर्वसाधारण समीकरण ए एक्स² + २एच एक्सवाय + बी वाय² = ० असं असतं आणि कोनाच्या सूत्रात वर्गमूळाखाली ‘एच वर्ग वजा एबी’ येतं. इथे दोन एच = −४, म्हणून एच = −२. वर्गमूळाखाली ४ − १ = ३, त्याची दुप्पट २√३, खाली ए + बी म्हणजे २. टॅन थीटा = √३, कोन ६० अंश. घाईत एच = −४ धरला तर वर्गमूळाखाली १५ येतात आणि कोन कुठल्याच ओळखीच्या किमतीला बसत नाही. बोर्डाच्या पेपरात उत्तर असं वाकडं आलं तर नव्वद टक्के वेळा चूक आपली असते. थांबा आणि पहिली ओळ तपासा. पुढे रेटू नका.

महिनाभर वही भरली की लक्षात येतं की आपल्या चुका फार नसतात. माझ्या एकूण अकराच होत्या, त्याच आलटून-पालटून यायच्या. पेपराच्या आदल्या रात्री मी फक्त ही अकरा वाक्यं वाचली.

३. धडे कोणत्या क्रमाने घ्यायचे

पुस्तकाच्या क्रमाने उजळणी केली की सगळ्यांचं तेच होतं: लॉजिक तीनदा पाठ होतं आणि बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा उघडलं जातं. म्हणून क्रम मोडा.

*पहिला गट:* मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन्स, बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन. हे धडे छोटे आहेत, एकमेकांवर फारसे अवलंबून नाहीत आणि यांत प्रश्नांचे प्रकार मोजके. कॅल्क्युलस कच्चं असलं तरी हे पाच बहुतेक पक्के होतात; फक्त प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन्समधल्या ‘कंटिन्युअस’ भागाला इंटिग्रेशन लागतं, तेवढा दुसऱ्या गटानंतर करा. आठ-दहा दिवसांत उरकतात आणि अंगात जरा बळ येतं.

लॉजिकमध्ये ट्रुथ टेबल सगळ्यांना येतं. चुकतं ते निगेशन. ‘पाऊस पडला तर शाळेला सुट्टी असते’ याचं निगेशन विचारलं की वर्गातली अर्धी मुलं ‘पाऊस पडला नाही तर शाळेला सुट्टी नसते’ असं लिहितात. ते चूक. एखाद्याचं बोलणं खोटं पाडायचं असेल तर आपण काय म्हणतो? ‘पाऊस पडला आणि तरी सुट्टी नाही.’ म्हणजे पहिलं विधान तसंच ठेवायचं, मध्ये ‘आणि’, आणि दुसऱ्याचा नकार. हे एकदा डोक्यात बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

लिनिअर प्रोग्रॅमिंगला आलेखाचा कागद लागत नाही, कच्ची आकृती चालते. पण कच्ची म्हणजे गिचमिड नव्हे. रेषांना नावं द्या, अक्षांवरचे छेदबिंदू लिहा, योग्य भाग रेघा मारून दाखवा. कोपऱ्यांच्या बिंदूंचं टेबल न करता एकदम उत्तर लिहू नका.

बायनॉमिअलमध्ये ‘अ‍ॅट लीस्ट’ दिसलं की उलट्या बाजूने विचार करा. नाणं सहा वेळा उडवलं, निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती? एकदा, दोनदा, तीनदा असं मोजत बसाल तर पान भरेल. एकातून ‘एकदाही नाही’ वजा करा: १ − १/६४ = ६३/६४. दोन ओळी.

*दुसरा गट:* डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, इनडेफिनिट इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, त्याचे उपयोग, डिफरन्शिअल इक्वेशन्स. ही आगगाडी आहे, मधला डबा काढून चालत नाही. डिफरन्सिएशन हात न अडखळता येत असेल तरच पुढे जा. उजळणीचा निम्मा वेळ मी या गटाला दिला होता आणि आज परत करायची वेळ आली तरी तेवढाच देईन.

*तिसरा गट:* ट्रिग्नोमेट्रिक फंक्शन्स, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन. यातले शेवटचे दोन एकत्र करा, कारण डॉट आणि क्रॉस प्रॉडक्टशिवाय लाइन अँड प्लेनमध्ये पाऊल टाकता येत नाही. ट्रिग्नोमेट्रीबद्दल माझं मत थोडं कडवट आहे: या धड्यात गणितं बेसुमार आहेत आणि सगळी करत बसलं तर दोन आठवडे जातात. जनरल सोल्युशन, साइन रूल आणि कोसाइन रूल, पोलर कोऑर्डिनेट्स आणि इन्व्हर्स फंक्शनच्या मुख्य किमती एवढं आधी पक्कं करा. उरलेलं वेळ मिळाला तर.

४. पुस्तक बंद, वही उघडी

उजळणी म्हणजे काय करायचं, हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलंच नव्हतं. मी क्लासच्या वह्या वाचायचे. पानामागून पान, हायलायटर घेऊन. सगळं ओळखीचं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी असं केलं. एका धड्याच्या प्रत्येक स्वाध्यायातून चार गणितं आणि शेवटच्या ‘मिसलेनिअस’ स्वाध्यायातून दहा गणितं निवडायची. नुसते प्रश्न वहीत उतरवायचे आणि पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. हो, दुसऱ्या खोलीतच, कारण शेजारी असलं की हात जातो. मग सोडवायची. अडलं तर पाच मिनिटं अडून राहायचं. तरीही नाही सुटलं तर पुस्तकात फक्त पुढची एक ओळ बघायची, पुस्तक मिटायचं आणि परत यायचं. त्या गणितावर फुली मारायची. तीन दिवसांनी फक्त फुलीवाली गणितं परत. आठवड्याने परत. दोनदा सलग न बघता सुटलं की फुली खोडायची.

पहिल्या दिवशी वही फुल्यांनी भरते, रडू येतं. माझ्या डेफिनिट इंटिग्रेशनच्या पानावर चोवीस गणितांत सतरा फुल्या होत्या. पण त्या सतरा फुल्या जानेवारीत दिसल्या, फेब्रुवारीत परीक्षेच्या हॉलमध्ये नाही.

सूत्रांचंही तेच. भिंतीवर तक्ता चिकटवू नका, चार दिवसांनी तो कॅलेंडरसारखा दिसेनासा होतो. सकाळी दहा मिनिटं कोऱ्या कागदावर एका धड्याची सूत्रं लिहा, मग ताडून बघा, कागद फेकून द्या.

५. इंटिग्रेशन: न सोडवता सोडवायचं

इंटिग्रेशन अवघड वाटतं ते आकडेमोडीमुळे नाही. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, म्हणून. तेव्हा सुरुवातीचाच सराव वेगळा करा. वेगवेगळ्या स्वाध्यायांतली तीस गणितं एका कागदावर उलटसुलट क्रमाने लिहा आणि प्रत्येकाची फक्त पहिली ओळ लिहा: काय धरणार, कोणती पद्धत. पुढे सोडवायचंच नाही. तीस गणितं अर्ध्या तासात होतात. स्वाध्यायाच्या मथळ्यात पद्धत आधीच सांगितलेली असते, म्हणून तिथे सगळं सुटतं. पेपरात मथळा नसतो.

एकच छेद घेऊन बघा: एक्स² + ४एक्स + ८.

अंशात नुसता १ असेल तर छेदाचा पूर्ण वर्ग करा: (एक्स + २)² + २². उत्तर टॅन इन्व्हर्समध्ये येतं, बाहेर १/२.

अंशात २एक्स + ४ असेल तर ते छेदाचं डेरिव्हेटिव्हच आहे. सरळ छेदाचा लॉग.

अंशात २एक्स + ७ असेल तर त्याचे तुकडे करा: (२एक्स + ४) + ३. पहिला तुकडा लॉगमध्ये, दुसरा टॅन इन्व्हर्समध्ये.

आता छेद बदलून एक्स² + ४एक्स − ५ करा. याचे अवयव पडतात, (एक्स + ५)(एक्स − १), म्हणजे पार्शल फ्रॅक्शन्सचा रस्ता मोकळा. अंशाकडे बघण्याआधी छेदाचे अवयव पडतात का ते बघायची सवय लावून घ्या.

गुणाकारात ‘ई’चा एक्स घात दिसला तर बाय पार्ट्सवर उडी मारू नका. कंसात एक फंक्शन आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह बेरजेत आहे का ते आधी बघा. ‘ई’चा एक्स घात गुणिले (टॅन एक्स + सेक² एक्स) याचं उत्तर एका ओळीत येतं: ‘ई’चा एक्स घात गुणिले टॅन एक्स, अधिक सी. तो ‘अधिक सी’ विसरू नका. डेफिनिटमध्ये तो नसतो, इनडेफिनिटमध्ये असतोच, आणि घाईत आपण नेमकं उलटं करतो.

डेफिनिटमधला मोठा सापळा म्हणजे लिमिट्स. शून्य ते एक, एक्स भागिले (१ + एक्स²). इथे १ + एक्स² = टी धरलं की लिमिट्स १ ते २ होतात आणि उत्तर येतं अर्धा लॉग २. लिमिट्स न बदलता शून्य ते एकच ठेवल्या तर लॉग शून्य समोर येतो, जो अस्तित्वातच नाही. हे तरी बरं, चूक दिसते. बऱ्याच गणितांत ती दिसतही नाही आणि चुकीचं उत्तर दिमाखात चौकटीत बसतं. म्हणून सब्स्टिट्यूशनच्या ओळीखालीच ‘एक्स असा असता टी असा’ हे दोन ओळींचं छोटं टेबल लिहायची सवय ठेवा.

६. सिद्धता: लाजू नका, पाठ करा आणि मग समजून घ्या

किंवा उलट क्रमाने. पण सोडू नका. साइन रूल, कोसाइन रूल, व्हेक्टर्समधलं सेक्शन फॉर्म्युला, दुसऱ्या घाताचं होमोजिनिअस समीकरण मूळबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषा दाखवतं हे प्रमेय, चेन रूल, इन्व्हर्स फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह, बाय पार्ट्सचा नियम, डेफिनिट इंटिग्रेशनचे गुणधर्म. यादी संपते! पंधरा-वीसच्या वर जात नाही. इतकी ठरलेली गणितं पेपरात दुसरी नाहीत, तरी मुलं ती ‘थिअरी’ म्हणून टाकतात.

सिद्धतेत गुण जातात ते गृहीतकं न लिहिल्याने. व्हेक्टर्सच्या सिद्धतेत आकृती आणि ‘समजा ए, बी, आर यांचे पोझिशन व्हेक्टर असे असे’ ही ओळ हवीच. शून्य ते ए मध्ये एक्सच्या जागी ‘ए वजा एक्स’ टाकायचा गुणधर्म तर चार ओळींचा आहे: एक्स = ए − टी धरा, डीएक्स = −डीटी, लिमिट्स उलटतात, वजा चिन्ह त्यांना परत सुलट करतं. दर रविवारी तीन सिद्धता कोऱ्या पानावर लिहा.

७. प्रश्नाची भाषा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीत एकदम इंग्रजी आलेल्यांसाठी हे आहे. मी त्यातलीच. पेपरात आज्ञार्थी शब्द मोजके असतात, पण त्यांचा अर्थ नेमका असतो.

‘हेन्स’ आलं म्हणजे आधी सिद्ध केलेलं वापरूनच पुढचं करायचं, नवी पद्धत नको. ‘विदाउट युजिंग ट्रुथ टेबल’ म्हणजे नियमांची नावं उजवीकडे लिहीत जायचं. ‘व्हेरिफाय’ आलं की अटी तपासायच्या. रोलचं प्रमेय व्हेरिफाय करा म्हटलं तर फंक्शन बंद इंटरव्हलवर सलग आहे, खुल्या इंटरव्हलवर डेरिव्हेटिव्ह निघतं आणि दोन्ही टोकांना किंमत सारखी आहे, या तिन्ही गोष्टी लिहून मगच ‘सी’ काढायचा. नुसता ‘सी’ काढला तर गणित बरोबर असूनही अपुरं.

कमाल-किमानची गणितंही अशीच. ३६ मीटर तारेचा आयत करायचा आहे, क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवं. लांबी एक्स, तर रुंदी १८ − एक्स. क्षेत्रफळ १८एक्स − एक्स². डेरिव्हेटिव्ह १८ − २एक्स शून्य ठेवलं की एक्स = ९. इथे सगळ्यांचं पेन थांबतं. दुसरं डेरिव्हेटिव्ह −२, शून्यापेक्षा कमी, म्हणून ही कमाल किंमतच आहे, हे लिहा. आणि मग प्रश्नाने जे विचारलं तेच उत्तर द्या, लांबी ९ मीटर, रुंदी ९ मीटर. क्षेत्रफळ विचारलेलं नसेल तर ८१ लिहून थांबू नका.

८. पूर्ण पेपर, घड्याळ लावून

शेवटच्या पाच आठवड्यांत दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, सकाळी ११ वाजता बसून. बोर्डाचा पेपर त्याच वेळी असतो. संध्याकाळी गणित छान सुटणाऱ्यांचं डोकं अकराला जागं असतंच असं नाही. घरात सांगून ठेवा. माझी आजी दर वीस मिनिटांनी ‘बाई, चहा घेतेस का’ विचारायची; तिसऱ्या पेपरापासून ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना गप्प करायला लागली.

वेळेची वाटणी मी अशी केली: विभाग अ ३० मिनिटं, ब ३५, क ५५, ड ४५. १६५ मिनिटं झाली, १५ उरतात. त्यावर सध्या बोर्ड शेवटी १० मिनिटं जादा देतं, पण सराव करताना ती धरू नका.

विभाग ड आधी सोडवावा असं काहीजण सांगतात. मला ते जमलं नाही; पहिलंच मोठं गणित अडलं की हात थरथरतो. अ पासून सुरू केलं की वीस मिनिटांत पेपर आपला वाटायला लागतो. दोन्ही करून बघा, पण सरावातच. पेपराच्या दिवशी प्रयोग नको.

पेपर झाला की लगेच तपासू नका. दुसऱ्या दिवशी, परक्या माणसाचा पेपर असल्यासारखा तपासा. ओळ गाळली असेल तर गुण कापा. अर्धा गुणसुद्धा.

९. सीईटीचं काय करायचं

एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेत, गणिताची ५० गणितं ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण, चुकीला वजा गुण नाहीत. साधारण २० टक्के भाग अकरावीचा. म्हणजे तिथे उत्तर हवं असतं आणि बोर्डाला रस्ता हवा असतो. डिसेंबरपर्यंत दोन्ही सोबत चालतं. जानेवारीच्या मध्यापासून बोर्ड संपेपर्यंत मी सीईटीचे शॉर्टकट पूर्ण बंद ठेवले होते, कारण त्या सवयीने पायऱ्या गाळायला हात सोकावतो. अपवाद एकच: विभाग अ मधल्या बहुपर्यायी प्रश्नांसाठी सीईटीचे सोपे प्रश्न उत्तम सराव देतात.

१०. शेवटचे दोन दिवस आणि पेपराचा दिवस

नवीन गणित घेऊ नका. चुकांची वही, सिद्धतांची यादी आणि न खोडलेल्या फुल्या, एवढंच. आदल्या संध्याकाळी मित्राचा फोन येतो: ‘अमुक गणित येणारच आहे म्हणे.’ उचलू नका.

हॉलमध्ये बैठक क्रमांक अक्षरी-अंकी नीट लिहा, बारकोडचं स्टिकर शिक्षक सांगतील तिथेच. प्रश्नपत्रिका मिळाली की पहिली पाच मिनिटं फक्त वाचा आणि ब, क, ड मधल्या निवडलेल्या प्रश्नांच्या क्रमांकावर पेन्सिलने बारीक टिंब द्या. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करा, तशी सूचनाच असते. एखादं गणित सात-आठ मिनिटांत हलत नसेल तर खाली जागा सोडून पुढे जा. पूर्ण गणित खोडू नका; दुसरं लिहून झालं आणि वेळ उरला तर मग एक आडवी रेघ.

शेवटच्या वेळात नवं जादा गणित सुरू करण्यापेक्षा मागे वळा. बहुपर्यायी प्रश्नांत अक्षर आणि उत्तर दोन्ही आहे ना, ‘अधिक सी’ आहे ना, एकक लिहिलं आहे ना, पुरवण्या बांधल्या आहेत ना.

निकालानंतर गुण फारच कमी वाटले तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज करून छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर छायाप्रत आधी घ्यावीच लागते. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारीख बघून ठेवा. छायाप्रत आली की एकट्याने बघू नका, आपल्या गणिताच्या सरांना किंवा मॅडमना शेजारी बसवा. मी एकटीने पाहिली होती, आणि त्या चार गुणांवरून बोर्डाला रागाचं पत्र लिहायला बसले होते. आमच्या सरांनी प्रश्नपत्रिकेची पहिली सूचना बोटाने दाखवली, तेव्हा कागद फाडला.